जुन्या मोटारीच्या दारावरील पट्टी वारंवार सुटणे: कारणांचा शोध आणि दुरुस्ती

माझी मोटार २००४ सालची, चार दारांची सेडान आहे आणि ती रत्नागिरीत, समुद्रापासून फार तर दोन किलोमीटरवर, बारा महिने उघड्यावर उभी असते. दाराच्या मध्यावर जी आडवी काळी पट्टी असते, जिला आमच्याकडच्या गॅरेजांत कोणी साइड बीडिंग म्हणते तर कोणी मोल्डिंग, ती डाव्या पुढच्या दारावरून दोन वर्षांत तीन वेळा लावूनही तिन्ही वेळा पुन्हा सुटली. तिसऱ्या वेळी जूनच्या पहिल्या पावसात निवळी घाटात पट्टीच्या पुढच्या टोकाखाली वारा शिरला आणि मागच्या दोन क्लिपांच्या, म्हणजे पट्टीला दाराच्या भोकांत अडकवणाऱ्या छोट्या खुंट्यांच्या, आधाराने ती दारावर फटफट आपटू लागली. गाडी कडेला घेऊन ती हाताने उपसून काढली, तेव्हा दाराच्या रंगावर वीतभर लांबीचा ओरखडा उठलेला होता.

पहिल्या खेपेला ती झटपट चिकटणाऱ्या डिंकाने लावली होती आणि तीन आठवडे टिकली. दुसऱ्या खेपेला स्टेशनरीच्या दुकानातील फोमचा डबल टेप वापरला. तो मे महिन्याच्या उन्हात मऊ पडला आणि पट्टी स्वतःच्या वजनाने खाली सरकली. तिसऱ्या खेपेला गॅरेजमधील मुलाने सिलिकॉनची अर्धी नळी मागे रिकामी केली. त्या वेळचे बोलणे माझ्या चांगले लक्षात आहे, कारण डेंटर, म्हणजे पत्र्याचे काम करणारा कारागीर, म्हणाला होता, "साहेब, वीस वर्षांची पट्टी आहे, आता नवीनच टाका." मी नवीन पट्टीची चौकशीही केली, परंतु ती टाकली असती तरी पुढच्या पावसाळ्यात सुटलीच असती, असे आज खात्रीने सांगता येते. दोष पट्टीच्या मागे असलेल्या भोकांत, त्या भोकांतल्या क्लिपांत आणि लांबीच्या एका साध्या हिशेबात होता, आणि तिन्ही दुरुस्त्यांत त्यांपैकी कशालाही कोणी हात लावला नव्हता.

सुटण्याच्या तऱ्हेवरून कारण ओळखणे

पट्टी काढण्यापूर्वी ती कशी सुटली आहे हे नीट पाहावे, कारण काढल्यानंतर निम्मा पुरावा नाहीसा होतो. फक्त पुढचे किंवा मागचे टोक उचलले गेले असेल आणि मधला भाग घट्ट असेल, तर बहुधा पट्टी वयोमानाने आखडलेली असते आणि टोकाची क्लिप ओढली जात असते. टोके घट्ट आहेत पण मधला भाग दुपारच्या उन्हात धनुष्यासारखा फुगतो आणि संध्याकाळी परत बसतो, असे असेल तर पट्टीला प्रसरण पावायला जागाच ठेवलेली नाही. संपूर्ण खालची कड एकसारखी सुटली असेल, तर टेप लावण्यापूर्वी पृष्ठभाग स्वच्छ केलेला नव्हता असे समजावे. पट्टी जागेवर दिसते, पण दार लावताना खडखडते, याचा अर्थ क्लिपचे पंख, म्हणजे पत्र्यामागे उघडून तिला धरून ठेवणारी टोके, तुटले आहेत आणि ती केवळ नशिबाने भोकात अडकून आहे.

सर्वांत महत्त्वाची खूण मात्र पट्टीच्या खालच्या कडेवरून उतरलेला तांबूस ओघळ ही आहे. तो पुसला की जातो, म्हणून आपण तो पुसतो आणि विसरतो. माझ्या गाडीवर असा ओघळ पट्टी पहिल्यांदा सुटण्याच्या किमान वर्षभर आधीपासून होता. एकाच दारावर यांतली दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तर ओघळाचा बंदोबस्त आधी करावा, कारण गंजलेल्या भोकावर केलेले बाकीचे सारे काम वाया जाते.

पट्टी काढणे

काम सुरू करण्यापूर्वी मास्किंग टेपची एक सरळ रेघ पट्टीच्या वरच्या कडेला लागून दाराच्या पूर्ण लांबीवर लावावी आणि तीच रेघ शेजारच्या फेंडरवर व मागच्या दारावर थोडी पुढे न्यावी. पट्टी परत बसवताना ती दोन मिलिमीटर जरी तिरकी गेली तरी चारही दारे लावल्यावर ते लांबूनही दिसते, आणि ही रेघ नसेल तर तिरकेपणा टेप चिकटल्यानंतरच लक्षात येतो. पट्टीच्या खालच्या बाजूलाही टेपचे दोन थर रंगावर लावावेत, म्हणजे पट्टी उचलायची पाचर निसटली तरी रंग वाचतो.

यानंतर पट्टी कोणत्या पद्धतीने बसवलेली आहे ते ठरवावे लागते. जुन्या गाड्यांत साधारण तीन पद्धती आढळतात: काही पट्ट्यांच्या क्लिपा सरळ बाहेर ओढल्या की सुटतात, काही पट्ट्या आधी पुढच्या किंवा मागच्या दिशेने एक-दोन सेंटिमीटर सरकवाव्या लागतात आणि मगच बाहेर येतात, तर काही केवळ टेपवर असतात व टोकाला एखादा स्क्रू असतो. हा स्क्रू दार उघडल्यावर त्याच्या कडेला, बिजागरीच्या बाजूला, रबरी बुचाखाली दडलेला असू शकतो. सरकवून काढायची पट्टी सरळ ओढली तर तिच्या मागचे रूळ तुटतात आणि ते पुन्हा जोडता येत नाहीत. म्हणून टोकाजवळ पाचर घालून एक सेंटिमीटर उचलावे, टॉर्चने आत पाहावे आणि क्लिपचे डोके खाचेत आडवे बसलेले आहे की भोकात उभे, हे डोळ्यांनी पाहूनच पुढे जावे.

पाचर प्लॅस्टिकची असावी. ती नसेल तर जुन्या टूथब्रशचा दांडा घासून सपाट करावा किंवा लाकडी पट्टीला कापड गुंडाळावे, पण चपटा स्क्रूड्रायव्हर वापरू नये. माझ्या दारावरील सहा खड्डे त्याच हत्याराचे आहेत आणि ते मी स्वतःच पाडलेले आहेत. उचलताना जोर पट्टीच्या मध्यावर नव्हे तर प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी द्यावा. जुने प्लॅस्टिक उन्हाने कडक झालेले असते, त्यामुळे काम दुपारी करावे किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने पट्टी हाताला सोसेल इतकीच तापवावी. रंग काढण्याची हीट गन काही सेकंदांत कित्येकशे अंश तापमान देते आणि जुना, विशेषतः एकदा पुन्हा मारलेला रंग तिच्याखाली फुगतो. ती वापरण्याचा मोह टाळलेला बरा.

टेपवर बसलेली पट्टी ओढू नये. गळाची नायलॉनची दोरी दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून पट्टीच्या मागे करवतीसारखी पुढे-मागे फिरवत न्यावी. फोम कापला जातो आणि पट्टी वाकत नाही. एकदा वाकलेली पट्टी, विशेषतः आत पातळ धातू असलेली, पुन्हा कधीही सपाट बसत नाही.

क्लिप तुटून तिचा मागचा भाग भोकात राहिला, तर तो आत ढकलण्याची घाई करू नये. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी छोटी भोके असतात. आत पडलेला तुकडा खडखडतो हे एक, आणि तो त्या भोकावर जाऊन बसला तर पावसाचे पाणी दारातच साठते, हे दुसरे आणि जास्त गंभीर. बारीक नाकाच्या पकडीने पंख दाबून तो बाहेरच्या बाजूने काढावा.

पट्टीखाली काय सापडले

सिलिकॉनचा थर खरवडून काढल्यावर पाच भोकांपैकी तीन ठीक होती. पुढून पहिले आणि दुसरे मात्र पाहण्यासारखे होते. पहिल्या भोकाभोवती रुपयाच्या नाण्याएवढा रंगाचा फोड होता, तो नखाने टोचला तेव्हा पापडासारखा तुटला आणि त्याखालून ओलसर, गडद तपकिरी भुकटी निघाली. भोक मुळात गोल होते. आता ते खालच्या बाजूला लांबट झालेले होते आणि त्याची कड इतकी पातळ होती की पेन्सिलच्या टोकाने दाबल्यावर वाकत होती. दाराचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. क्लिपचे पंख याच पाऊण मिलिमीटरला धरून बसतात, आणि तो निम्मा गंजला की धरायला काही उरत नाही.

हे का होते ते समजून घेणे उपयोगी आहे. भोकाची कापलेली कड ही पत्र्यावरील रंगाची सर्वांत दुबळी जागा असते, कारण तीक्ष्ण कडेवर रंगाचा थर पातळच बसतो. क्लिप दर धक्क्याला किंचित हलते आणि तो थर घासून टाकते. पट्टीच्या मागे माती साठते, ती ओल धरून ठेवते, आणि समुद्राजवळच्या हवेतील मीठ त्या ओलीला अधिक घातक करते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो, पट्टीला पुढे ढकलतो, आणि पट्टी सैल झाली की आणखी माती आत जाते.

सिलिकॉनने यात भरच घातली होती. भिंती व खिडक्यांसाठी मिळणारे पुष्कळसे सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडते, कारण त्यातून असेटिक आम्ल बाहेर पडते. उघड्या लोखंडावर ते लावणे म्हणजे गंजाला आमंत्रण देणे होय. भोक बुजवण्यासाठी काही लावायचेच असेल तर आम्ल न सोडणारे सिलिकॉन, पॉलियुरेथेन सीलंट किंवा सर्वांत सोपी म्हणजे ब्यूटिलची काळी चिकट पट्टी वापरावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दारातील भोकांतून पाणी आत जाते म्हणून गाडी आतून ओली होते, असे अनेक जण समजतात. दाराच्या आत पाणी येणारच, ते काचेच्या फटीतूनही येते आणि तळाच्या भोकांतून निघून जाते. दाराच्या आतील पॅडच्या, म्हणजे अस्तराच्या, मागे असलेला प्लॅस्टिकचा कागद शाबूत असेल तर ते माणसांपर्यंत पोहोचत नाही. दारावरील भोकाची चिंता गंजासाठी करायची असते. मागच्या चाकाच्या वरचा पत्रा, डिकीचे झाकण आणि छताची पट्टी यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथील भोकांतून गेलेले पाणी सरळ डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा छताच्या अस्तरात उतरू शकते, म्हणून त्या ठिकाणी प्रत्येक क्लिपखाली रबरी किंवा फोमची चकती आणि ब्यूटिल लावल्याशिवाय पट्टी बसवू नये.

गंजाची दुरुस्ती

हे काम पावसाळ्यात करू नये. हवेतील आर्द्रता जास्त असताना स्प्रेचा रंग वाळताना पांढुरका पडतो आणि त्याखाली ओल अडकते. मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलो आणि तोपर्यंत भोकांवर मेण चोळून वर मास्किंग टेप लावून ठेवला. दिसायला ते वाईट होते, पण पट्टीविना गाडी चालवण्यात काहीही धोका नाही, घाईने पट्टी लावण्यात आहे.

फुगलेला सर्व रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, चांगला चमकदार पत्रा दिसेपर्यंत आणि त्यापलीकडे एक सेंटिमीटरपर्यंत घासून काढावा. भोकाची आतील कड गोल कानशीने हलकेच साफ करावी. येथे हात आवरावा, कारण कानशीचे चार फटकारे भोक मोठे करण्यास पुरेसे असतात. खड्ड्यांत अडकलेल्या गंजासाठी फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिन असलेले गंजरोधक द्रावण मिळते. ते लावल्यावर धुवायचे की तसेच वाळू द्यायचे, हे त्याच्या प्रकारावर अवलंबून असते, म्हणून डब्यावरील मजकूर वाचावा. इपॉक्सी प्रायमर मारायचा असेल तर आम्लाचा अंश मुळीच शिल्लक राहता कामा नये, अन्यथा तो नीट पकडत नाही.

त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ थर, मग गाडीच्या रंगाचे दोन, मग लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. आमच्याकडे रेड ऑक्साइडचा एक हात मारून काम संपल्याचे मानतात, पण साधा प्रायमर सच्छिद्र असतो आणि वर रंग नसेल तर ओल शोषून घेतो. पट्टीखाली जागा झाकली जाणार आहे म्हणून रंगाची गरज नाही, हा युक्तिवाद मी तीन निरनिराळ्या माणसांकडून ऐकला. झाकली जाणारी जागाच जास्त ओली राहते, तेव्हा तिथे रंग जास्त हवा. कडेच्या आत बारीक ब्रशने रंग पोहोचवावा आणि सर्व वाळल्यावर आतल्या बाजूने, पॅड उघडलेले असल्यास, पोकळीत मारण्याचे मेण फवारावे.

माझे पहिले भोक साफ केल्यानंतर मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटरने मोठे झाले होते. एवढ्या फरकाला नायलॉनचा ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारे कडे, बसतो आणि त्यात मूळ क्लिप घट्ट राहते. भोक तीन-चार मिलिमीटरने वाढले असेल तर डेंटरकडून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यावा आणि नव्याने भोक पाडावे. ते दार काही दिवस रंगकामात अडकते, पण लांबी (पुट्टी) भरून त्यात भोक पाडण्याचा उद्योग कोणी सुचवला तर नम्रपणे नकार द्यावा; पुट्टी क्लिपचा ताण सोसत नाही.

क्लिप

गॅरेजमध्ये हिला लॉक म्हणतात आणि दुकानात जाऊन "दाराच्या पट्टीचे लॉक द्या" असे म्हटले की दुकानदार समोर एक डबा ओततो. पुण्याच्या नाना पेठेत मी असे दोन डबे उपसले. जवळपास बसणारी क्लिप ही न बसणाऱ्या क्लिपपेक्षा वाईट असते, कारण ती बसल्यासारखी वाटते. चार मापे व्हर्निअरने, म्हणजे सूक्ष्म मापाच्या पट्टीने, घेऊन कागदावर लिहून न्यावीत: पत्र्यातील भोकाचा व्यास, पट्टीच्या मागच्या खाचेची रुंदी, क्लिपच्या डोक्याची जाडी, आणि डोक्यापासून पंखांपर्यंतचे अंतर. शेवटचे माप सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. ते एक मिलिमीटरने जास्त असले तर पट्टी खडखडते आणि कमी असले तर पंख पत्र्याच्या पलीकडे उघडतच नाहीत. जुनी, न तुटलेली एक क्लिप नमुना म्हणून सोबत असावी. पाच लागत असतील तर आठ घ्याव्यात, कारण बसवताना एखादी तुटतेच.

जुन्या क्लिपा पुन्हा वापराव्यात का, याचे उत्तर पंख बोटांत दाबून मिळते. दाबून सोडल्यावर ते पूर्वीच्या जागी परत आले तर वापराव्यात. पांढरी रेघ उमटली किंवा पंख दबलेलेच राहिले तर टाकून द्याव्यात.

लांबीचा हिशेब

गंज आणि क्लिप यांचा बंदोबस्त झाल्यावर मी पट्टी कोरडीच दारावर धरून पाहिली, आणि त्या दिवशी पट्टी मुळात पहिल्यांदा का सुटली असावी ते उलगडले. पट्टीच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा प्रकार छापलेला असतो. माझ्या पट्टीवर पीव्हीसी असे होते. मऊ पीव्हीसीमधील तेलकट घटक वर्षानुवर्षांच्या उन्हात निघून जातात आणि पट्टी कडक होऊन आखडते. मागची क्लिप भोकासमोर आणली तर पुढची क्लिप आपल्या भोकाच्या चार मिलिमीटर मागे राहत होती. ओढून बसवता येत होती, आणि तिन्ही खेपांना ती तशीच ओढून बसवली गेली होती. म्हणजे पुढची क्लिप वीस वर्षांच्या म्हातारपणी अहोरात्र ताणाखाली होती.

यात तापमानाची भर पडते. लोखंडाच्या तुलनेत पट्ट्यांचे प्लॅस्टिक उष्णतेने साधारण सहा ते दहा पट जास्त प्रसरण पावते. जानेवारीतील पहाट आणि मे महिन्यातील दुपारच्या उन्हात तापलेली काळी पट्टी यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकात एक मीटर लांबीचा पत्रा अर्धा मिलिमीटर वाढतो, तर पट्टी तीन ते पाच मिलिमीटर वाढते. म्हणूनच कारखान्यातून येणाऱ्या पट्टीत बहुधा मधली एक क्लिप पक्की असते आणि बाकीच्या क्लिपांची घरे, म्हणजे पट्टीमागच्या खाचा, लांबट असतात, म्हणजे पट्टी मध्यापासून दोन्हीकडे सरकू शकते. ही घरे मातीने किंवा डिंकाने भरली की सरकणे बंद होते आणि पट्टी फुगते. झटपट चिकटणारा डिंक का टिकला नाही तेही यातच आहे: तो काचेसारखा कडक वाळतो, आणि दररोज सरकू पाहणाऱ्या वस्तूला कडक डिंक धरू शकत नाही.

आखडलेली पीव्हीसी पट्टी तापवून ओढली तर लांब होते, पण थंड झाल्यावर परत येते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. मी मधली क्लिप कायम ठेवली आणि चार मिलिमीटरचा फरक दोन्ही टोकांना निम्मा-निम्मा वाटून दिला. टोकांकडील घरे सुरीच्या तापवलेल्या टोकाने आवश्यक तेवढी लांबट केली. दाराच्या कडेपासून पट्टीचे टोक आता दोन मिलिमीटर आत दिसते, परंतु ते मी दाखवल्याशिवाय अद्याप कोणाच्या लक्षात आलेले नाही.

बसवणे

माझी पट्टी क्लिपांवर अधिक टेपवर, अशी दोन्हींवर बसते. टेप म्हणजे अॅक्रिलिक फोमचा, मोटारीच्या बाह्य भागांसाठी बनवलेला. थ्री-एम कंपनीचा व्हीएचबी हा त्यातला सर्वांत परिचित. फोम मऊ राहत असल्यामुळे तो पट्टीबरोबर थोडा सरकतो, हा त्याचा खरा गुण आहे. पट्टी मऊ व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीची, असेल तर तिच्यातील तेल सामान्य टेपचा गोंद कालांतराने मऊ करते, त्यामुळे व्हिनाइलसाठी चालणारा प्रकार मागून घ्यावा. पट्टीवर पीपी छापलेले असेल, म्हणजे ती पॉलिप्रॉपिलीनची असेल, तर तिच्यावर टेप थेट पकडत नाही आणि आधी चिकटपणा वाढवणारा प्रायमर लावावा लागतो. पुष्कळांचा टेप येथेच फसतो आणि दोष टेपला मिळतो.

स्वच्छतेबाबत आपल्याकडील सवयी घातक आहेत. जुना गोंद काढायला रॉकेल किंवा टर्पेंटाइन चालते, पण दोन्ही तेलकट थर मागे ठेवतात. त्यावर टेप लावणे म्हणजे तेल लावलेल्या तव्यावर कागद चिकटवणे. थिनर पुन्हा मारलेला रंग विरघळवतो, म्हणून तो दारापासून दूर ठेवावा. गोंद निघाल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात घेऊन त्या मिश्रणाने पुसावे आणि कापड दर फटकाऱ्याला उलटावे. केमिस्टकडे सर्जिकल स्पिरिट मिळते, परंतु काही प्रकारांत त्वचेसाठी एरंडेल मिसळलेले असते, तेव्हा शुद्ध आयसोप्रोपिलच मागावे. डॅशबोर्डला आणि टायरला चमक आणणारे सिलिकॉनचे फवारे त्या दिवशी गाडीच्या जवळपासही आणू नयेत.

पत्रा सावलीत, साधारण २५ ते ३५ अंशांवर असताना पट्टी बसवावी, कारण त्या तापमानाला ती तिच्या लांबीच्या मध्यावर असते. टेपचा कागद पूर्ण न काढता दोन्ही टोकांना त्याची शेपटी बाहेर वळवून ठेवावी, आधी मधली क्लिप भोकात बसवावी, मग पट्टी मास्किंग टेपच्या रेघेला टेकवावी आणि सर्व सरळ दिसल्यावरच कागदाच्या शेपट्या दोन्हीकडून ओढाव्यात. क्लिप बसल्याचा टक् आवाज प्रत्येक ठिकाणी ऐकू आला पाहिजे. तो आला नाही तर मुठीने ठोकण्याऐवजी पट्टी उचलून क्लिप तिरकी झाली का ते पाहावे. शेवटी अंगठ्याने पूर्ण लांबीवर घट्ट दाबत जावे. या प्रकारच्या टेपची पकड दाबल्यावर वीस मिनिटांत साधारण निम्मी, चोवीस तासांत नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि बहात्तर तासांत पूर्ण होते. ते तीन दिवस गाडी धुऊ नये, आणि धुलाई केंद्रातील जोराचा फवारा तर पुढेही पट्टीच्या कडेवर थेट मारू देऊ नये.

काचेची बीडिंग आणि वायपरखालची जाळी

काचेच्या तळाशी असलेली बाहेरची बीडिंग काढताना काच पूर्ण खाली घ्यावी आणि दाराच्या मागच्या कडेचा स्क्रू आधी काढावा. बाकी ती पत्र्याच्या कडेवर चिमट्यासारखी बसलेली असते आणि एका टोकापासून थोडी थोडी वर उचलत न्यायची असते. मधून उपसली तर तिच्या आतील पातळ पत्रा मुडपतो.

वायपरखालच्या जाळीकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. ती काढण्यासाठी वायपरचे दांडे उतरवावे लागतात, तेव्हा पाती काचेवर जिथे थांबतात तिथे टेपचे तुकडे लावून ठेवावेत, नाहीतर परत बसवल्यावर पाते काचेच्या बाजूच्या खांबाला आपटते. दांडा दातांवर गंजून बसलेला असेल तर गंज सुटण्याचे तेल घालून तासभर थांबावे आणि दांडा खेचून काढणारे छोटे हत्यार (पुलर) वापरावे. हातोडीचा घाव वायपरच्या यंत्रणेला बसतो. जाळीच्या क्लिपांत मधोमध एक खिळा असतो, आणि तो आधी वर उचलायचा की आत दाबायचा हे प्रकारावर ठरते. जाळीखाली मला आंब्याच्या मोहोराचा व कुजलेल्या पानांचा ओंजळभर लगदा सापडला. तो पाण्याच्या वाटेवर बसलेला होता, आणि पावसाळ्यात ब्लोअर चालू केला की येणारा कुबट वास, ज्यासाठी मी एसीचा फिल्टर दोनदा बदलला होता, तो तिथूनच येत होता.

डाव्या पुढच्या दारावरील पट्टी एक मे महिना आणि एक पूर्ण पावसाळा काढून जागेवर आहे. उजव्या मागच्या दाराच्या पट्टीखाली आता तोच तांबूस ओघळ दिसू लागला आहे. ती मी या ऑक्टोबरमध्ये काढणार असून उरलेल्या तीन क्लिपा त्यासाठी डबीत ठेवल्या आहेत.